भिंतीपलीकडचं घर इतकं लांब कसं?

इंदूरच्या राजवाड्यासमोरून सराफ्यात निघालात आणि गल्लीत हातगाडी आडवी आली, तर काय कराल? शेजारच्या बोळात वळाल. तिथे वरात आडवी आली, तर पुढच्या बोळात. गल्ल्या अरुंद आहेत खऱ्या, पण एकमेकींना धरून आहेत.

आता चला शहराच्या कडेला, बायपासवर. समजा, तुम्ही तिथल्या नव्या टाउनशिपमध्ये राहता. रस्ते ऐसपैस, पण भोवती कंपाउंड आणि गेट एकच. भिंतीपलीकडच्या टाउनशिपमध्ये तुमची मैत्रीण राहते. तिची खिडकी दिसते, तिचा कुत्रा भुंकलेला ऐकू येतो. तिच्याकडे जायचं मात्र गेटबाहेर पडून, सर्व्हिस रोडने पुढे जाऊन, दुसऱ्या गेटातून आत! त्यासाठी बाबांना गाडी काढावी लागते.

असं का होतं, ते वहीत करून बघा. 3 बाय 3 चौकोनांची जाळी काढा. रेघा म्हणजे रस्ते. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जायचं, फक्त उजवीकडे किंवा वर सरकत. वाटा किती? 20! आणि जाळी 10 बाय 10 ची असेल तर? तब्बल 1,84,756!

आता झाडाच्या फांद्यांसारखे रस्ते काढा, फुटले की पुन्हा न मिळणारे. कुठल्याही दोन घरांमध्ये वाट एकच. ती कुणी पाइपलाइनसाठी खणली, की अडकलात.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी जगभरातल्या रस्त्यांचे नकाशे असेच तपासले: चौक किती, तिठे किती, बंद टोकं किती. 2020 साली त्यांनी सांगितलं, की 1975 पासून जगात बऱ्याच ठिकाणी नवे रस्ते जास्त जास्त तुटक होत चालले आहेत.

इंदूरच्या गल्ल्यांचा अभ्यास तर शंभर वर्षांपूर्वीच झाला होता. पॅट्रिक गेडीस हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. 1918 साली त्यांनी होळकर दरबारासाठी नगररचनेचा अहवाल लिहिला. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, अडचणीचं तेवढंच काढा, असं त्यांचं मत होतं. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

कारण रस्ते भारी चिवट असतात. 1984 साली राजवाड्याचा मागचा भाग जळला, तो पुन्हा बांधता आला. पण प्लॉट विकले गेले, घरं उभी राहिली, की रस्ता हलवणं महाकठीण.

भिंतीत पायी जाण्यापुरतं दार मात्र ठेवता येतं. वहीतल्या दोन फांद्यांची टोकं एका रेघेने जोडून बघा. त्या रेघेमुळे जो गोल तयार झाला, त्यावरच्या कुठल्याही दोन घरांमध्ये आता वाटा दोन!