चेनसॉच्या साखळीतील गुंता : स्वरूप, उकल आणि जतन

प्रस्तावना :
३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन परिसरातील नारळ-पोफळीच्या असंख्य बागा आडव्या झाल्या. अशा आपत्तीत रस्ता मोकळा करण्यासाठी चेनसॉ हे यंत्र अत्यंत उपयुक्त ठरते. मातीने माखलेले लाकूड कापताना साखळीची धार लवकर जाते; म्हणून सुट्या साखळ्या हाताशी असणे आवश्यक असते. परंतु भांडारातील डब्यातून त्या गुंतलेल्या अवस्थेत निघाल्या, तर मोलाचा वेळ वाया जातो आणि घाईत दिलेल्या हिसक्याने साखळी निकामी होते. सदर लेखात या गुंत्याचे स्वरूप, तो सोडविण्याची पद्धत व साखळीचे जतन यांचा विचार केला आहे.

साखळीची रचना :
आजच्या साखळीचे मूळ अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आहे. जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे निरीक्षण केले. तिचे जबडे डावी-उजवीकडे आलटूनपालटून लाकूड कुरतडतात, हे पाहून त्याने १९४७ मध्ये एक आड एक डावे-उजवे वाकडे दात असलेली साखळी तयार केली. हे आकड्यासारखे दात कापण्यास उत्तम. परंतु तेच एकमेकांत अडकतात. शिवाय रिव्हेटने जोडलेल्या कड्या एकाच प्रतलात सहज वाकतात, आडव्या दिशेने मात्र फारच थोड्या. म्हणून बाजूने जोर दिल्यास साखळी सुटत नाही, तर तिच्या कड्या व रिव्हेट वाकतात.

गुंत्याचे स्वरूप :
रेमर व स्मिथ या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोरी पेटीत ठेवून पेटी फिरवली असता काही सेकंदांतच गाठी पडल्याचे आढळले. दोरीचे मोकळे टोक इतर वेढ्यांतून ओवले जाते, म्हणून गाठ पडते. चेनसॉची साखळी हे बंद वलय आहे. तिला टोकच नाही. गाठींच्या गणितानुसार, गाठ नसलेल्या बंद वलयास ते तोडल्याशिवाय गाठ पडू शकत नाही. त्याचप्रमाणे सुटी असलेली दोन वलये न तोडता एकमेकांत ओवली जाऊ शकत नाहीत. याचा अर्थ असा की, साखळीचा गुंता कितीही बिकट दिसला तरी तो केवळ एकमेकांवर पडलेल्या वेढ्यांचा व अडकलेल्या दातांचा असतो. तो सोडविण्यासाठी रिव्हेट काढण्याची किंवा बळ वापरण्याची गरज नसते.

गुंता सोडविण्याची पद्धत :
१. जाड हातमोजे घालून साखळी सपाट मेजावर, पुरेशा उजेडात पसरावी.
२. ओढण्याऐवजी गुंता मधून सैल करावा व एकमेकांत अडकलेले दात प्रथम सोडवावेत.
३. सर्वांत वर असलेला वेढा उचलून बाहेरच्या बाजूस ठेवावा. हीच क्रिया पुढील वेढ्यांबाबत करावी.
४. शेवटी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आकार उरल्यास त्याचा एक भाग उलटा फिरवावा.
५. दात आतल्या बाजूस वळले असल्यास साखळी थोडी थोडी फिरवत ते बाहेर आणावेत. बारवर चढविताना वरच्या बाजूच्या दातांची धार बारच्या टोकाकडे आहे, याची खात्री करावी.
वाकलेली कडी आढळल्यास ती साखळी वापरू नये. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावते. अशा वेळी ती तुटणे जिवावर बेतू शकते.

जतन :
उपरोक्त प्रयोगात असेही दिसले की, ताठर दोरी लहान पेटीत ठेवल्यास तिला हालचालीस वाव राहत नाही व गाठी कमी पडतात. हेच तत्त्व येथे उपयोगी आहे. प्रत्येक साखळी स्वतंत्र खुंटीवर टांगावी किंवा वेटोळे करून सुतळीने दोन-तीन ठिकाणी बांधून लहान चपट्या डब्यात ठेवावी. त्यापूर्वी लाकडाचा भुसा व चीक काढून तेलाचा हात द्यावा. कोकणासारख्या दमट हवेत हे विशेष अगत्याचे आहे. डब्यावर पिच, गेज व बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची संख्या लिहावी, तसेच धार लावलेल्या व बोथट साखळ्या वेगळ्या ठेवाव्यात.

निष्कर्ष :
साखळीचा गुंता ही बळाने नव्हे, तर क्रमाने सोडविण्याची बाब आहे. महाविद्यालयाच्या भांडारात किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहित्यात चेनसॉ असल्यास पावसाळ्यापूर्वी एकदा साखळ्यांची पाहणी करणे इष्ट ठरेल. झाड रस्त्यावर पडल्यानंतर ही शिस्त लावता येत नाही. ती आधीच असावी लागते.