बोल्यांचा ठराव

ग्रामसभेत ठराव झाला की आपण घरी येतो. पुढं त्याचं काय होतं? रावबहादूर सीताराम केशव बोले यांची गोष्ट ऐका.

बोले मुंबईत गिरणी कामगारांत काम करायचे, पुढं मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात सभासद झाले. आपला सोलापूर जिल्हाही तेव्हा याच इलाख्यात होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी ठराव मंजूर करून घेतला : सरकारी पैशाच्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांनाही खुले. सरकारनं पुढच्याच महिन्यात हुकूम काढला. पण पाणवठे नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या ताब्यात, आणि तिथं बऱ्याच ठिकाणी काहीच हललं नाही.

मग १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका हे पाळणार नाही, तिचं अनुदान बंद. मला हाच जास्त आवडतो. दुखरी नस त्यांना बरोबर सापडली होती.

महाडच्या नगरपालिकेनं तर १९२४ मध्येच चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला होता. घागर मात्र कोणाची भरेना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले. तळं खासगी आहे म्हणून काही जण कोर्टात गेले. हायकोर्टानं त्यांचं म्हणणं फेटाळलं, तोवर १९३७ साल उजाडलं होतं.