आकडा, माहिती आणि निर्णय

वाणिज्य शाखेत 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम' हे नाव प्रथम कानावर पडले, की हा विषय संगणकाचा आहे असा बहुतेकांचा समज होतो. तो पुरता खरा नाही. मराठीत या विषयाला 'व्यवस्थापन माहिती प्रणाली' म्हणतात आणि कन्नडमध्ये 'निर्वहणा माहिती व्यवस्थे'. मागचेपुढचे शब्द बदलले, तरी मधला 'माहिती' हा शब्द दोन्हीकडे तोच आहे. विषयाचे मर्मही त्या मधल्या शब्दातच आहे. मी मराठी माध्यमात शिकलो असल्याने पाठ्यपुस्तकातील इंग्रजी व्याख्या मला आधी मराठीत मांडून पाहाव्या लागतात आणि वर्गातील मित्रांशी चर्चा करताना त्याच पुन्हा कन्नडमध्ये सांगाव्या लागतात. या खटाटोपातून जे हाती लागले, ते येथे मांडत आहे.

प्रथम नोंद आणि माहिती यांतील भेद पाहू. त्यासाठी आपल्या भागात घरोघरी ठाऊक असलेले 'पिग्मी'चे उदाहरण घेऊ. १९२५ साली उडुपी येथे स्थापन झालेल्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या बँकेने १९२८ साली ही योजना सुरू केली. बँकेचा माणूस रोज ग्राहकाच्या दारी जाई आणि दोन आण्यांपासूनची रक्कम जमा करून घेई. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली. पण पिग्मी हा शब्द आणि ती पद्धत पतसंस्थांनी आपलीशी केली आहे.

समजा, एका पतसंस्थेचे पाच पिग्मी एजंट आहेत आणि प्रत्येकाकडे दीडशे खाती आहेत. म्हणजे दिवसाला ७५० नोंदी झाल्या. महिन्याचे २६ दिवस धरले, तर १९,५०० नोंदी झाल्या. एवढे आकडे जसेच्या तसे व्यवस्थापकासमोर ठेवले, तर त्यांचा त्याला काय उपयोग? एजंटाला हवे असते ते एवढेच, की आज कोणाची रक्कम यायची राहिली. व्यवस्थापकाला हवे असते, की येत्या महिन्यात किती खात्यांची मुदत संपते आणि त्यासाठी रोकड किती राखावी लागेल. संचालक मंडळाला हवे असते, की सणावाराला आणि शाळा उघडताना काढून घेतल्या जाणाऱ्या या ठेवींच्या बळावर लांब मुदतीची कर्जे किती द्यावीत. नोंदी त्याच, पण तीन पायऱ्यांवर प्रश्न तीन आणि उत्तरेही तीन. हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ साली व्यवस्थापनाच्या अशाच तीन पायऱ्या सांगितल्या होत्या : दैनंदिन कामकाजावरील नियंत्रण, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि दूरचे नियोजन. ज्या माणसाला जो निर्णय घ्यायचा आहे, त्यासाठी नेमकी हवी ती गोष्ट वेळेवर त्याच्या हाती देणे, हे माहिती प्रणालीचे काम. दिवाळीत खाती मोडली जाणार हे दिवाळीनंतर कळले, तर तो आकडा खरा असूनही माहिती या नावाला पात्र नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग अधिकाधिक अहवाल काढावेत. संगणकाला काय कष्ट पडतात? या समजुतीला अमेरिकन विचारवंत रसेल अॅकॉफ यांनी १९६७ सालीच एका गाजलेल्या लेखात उत्तर दिले आहे. व्यवस्थापकांना माहितीचा तुटवडा जितका जाचतो, त्याहून बिनकामाच्या माहितीचा महापूर अधिक जाचतो, असे त्यांचे म्हणणे. त्याच लेखात त्यांनी आणखी एका गैरसमजावर बोट ठेवले आहे. प्रणाली आतून कशी चालते हे व्यवस्थापकाला कळण्याची गरज नाही, ती वापरता आली की पुरे, असे पुष्कळांना वाटते. अॅकॉफ म्हणतात, की ज्याला ती कळत नाही त्याला तिची पारखही करता येत नाही. आणि मग प्रणाली माणसाच्या ताब्यात राहण्याऐवजी माणूसच प्रणालीच्या ताब्यात जातो.

हे बोल किती खरे ठरले ते ब्रिटनमध्ये दिसले. तेथील पोस्ट ऑफिस या संस्थेने १९९९ पासून आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची संगणकीय हिशेब प्रणाली आणली. अनेक शाखा दुकानदारी करणारे सामान्य उपपोस्टमास्तर चालवीत. पडद्यावर तूट दिसली, की ती त्यांनी खिशातून भरावी, असा करार होता. प्रत्यक्षात पैसे कमी नसतानाही तूट दिसू लागली. त्यांनी तक्रार केली, तर 'अशी अडचण फक्त तुमचीच आहे' असे आपल्याला सांगण्यात आले, असे कित्येकांनी पुढे सांगितले आहे. १९९९ ते २०१५ या काळात या प्रणालीच्या आकड्यांच्या आधारे ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांसाठी दोषी ठरवण्यात आले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना २०१० साली गर्भवती असताना तुरुंगात जावे लागले. त्यांची शिक्षा २०२१ साली रद्द झाली. ५५५ जणांनी मिळून दाखल केलेल्या दाव्यात, डिसेंबर २०१९ मध्ये, उच्च न्यायालयाने प्रणालीत खोटी तूट दाखवू शकणारे दोष होते असा निर्णय दिला. २०२४ साली तर कायदा करून शेकडो लोकांचे दोष पुसावे लागले.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? मला दोन गोष्टी दिसतात. विखुरलेल्या नोंदी एकत्र आणून त्यांतील सूत्र दाखवणे, हे माहिती प्रणालीचे पहिले कर्तव्य. येथे गावोगावच्या तक्रारी एकाच तक्त्यात मांडल्या असत्या, तर इतकी प्रामाणिक माणसे एकाएकी चोर कशी झाली, हा प्रश्न कोणालाही पडला असता. तो पडलाच नाही, किंवा पडू दिला गेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पडताळा. ज्याच्यावर तूट लादली जात होती, त्याच्या हाती केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहण्याजोगे पुरेसे साधन नव्हते.

हा दुसरा मुद्दा मला आईकडे पाहून कळला. तिच्या पिग्मीच्या पैशांतून माझी फी भरली जाते. पूर्वी एजंट कार्डावर रक्कम लिहून सही करीत असे. आता हातातल्या छोट्या यंत्रातून चिठ्ठी काढून देतो. त्या चिठ्ठीवरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होऊन जातात. म्हणून आई रोजची रक्कम तारखेसह एका वहीत उतरवून घेते. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. 'अंतर्गत नियंत्रण' हा शब्द तिने ऐकलेला नाही. पण ज्याचा पैसा, त्याच्याजवळ नोंदीची दुसरी प्रत असावी, हे तत्त्व ती रोज संध्याकाळी पाळते. 

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बँकेत, पतसंस्थेत, कारखान्याच्या कचेरीत पडद्यासमोर बसणार आहेत. समोर आलेला प्रत्येक अहवाल हातावेगळा करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी, असे मला वाटते. हा आकडा कोणाच्या कोणत्या निर्णयासाठी आहे? तो वेळेवर पोचला आहे काय? आणि तो चुकीचा असेल, तर ते सिद्ध करण्याची सोय समोरच्या माणसाजवळ आहे काय? पहिले दोन प्रश्न परीक्षेत येतात. तिसरा खिडकीपलीकडे पासबुक घेऊन उभा असलेला माणूस विचारील, आणि त्याचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.