रॉकची मैफल, बेसबॉलचा सामना आणि प्रेक्षक



आजच्या विषयात दोन गोष्टी अशा एकत्र आल्या आहेत की ज्यांचे गोत्र सकृद्दर्शनी जुळत नाही. एक रॉक संगीत, म्हणजे विजेवर वाजणाऱ्या गिटारींचा आणि ड्रम्सचा दणदणाट. आणि दुसरा बेसबॉल, म्हणजे अमेरिकेतील चेंडूफळी, जी पाहताना नवखा माणूस पहिल्या अर्ध्या तासातच जांभया देऊ लागतो. मी या दोहोंपैकी एकाही विषयातला पंडित नव्हे. केवळ एक शौकीन आहे. परंतु शौकिनाला पंडिताहून एक प्रश्न अधिक सतावतो. तो असा की, सारे काही घरबसल्या मिळत असताना माणूस तिकीट काढून, गर्दीत अंग चोरून, हजारो डोक्यांच्या पाठीमागे उभा राहायला जातो तरी कशाला?

हा प्रश्न पोकळ नाही. ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येते. दूरचित्रवाणीवर चेंडूचे वळण दिसते, आणि हुकलेला क्षण पुन्हा पाहता येतो. प्रत्यक्ष मैदानात, दूरच्या बाकावरून, गायक बोटाएवढा दिसतो आणि चेंडू पुष्कळदा दिसतच नाही. म्हणजे माल कमी आणि किंमत जास्त. व्यापाऱ्याच्या हिशेबाने हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार! तरीही लोक जातात. तेव्हा ते जे घ्यायला जातात ते नुसते गाणे किंवा नुसता खेळ नसले पाहिजे. ते काय, याचा थोडा शोध घेऊ.

ज्यांना क्रिकेट कळते त्यांना बेसबॉल समजायला वेळ लागत नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यात चार ठाणी असतात. बाजू नऊ जणांची. चेंडू टप्पा न पाडता फेकला जातो. फलंदाजाने तो टोलवायचा, आणि एकेक ठाणे गाठीत फिरून मूळ ठाण्यावर यायचे, की एक धाव झाली. तीन गडी बाद झाले की त्या बाजूची पाळी संपली. अशा दोन्ही बाजूंच्या नऊ-नऊ पाळ्या. बरोबरी झाली तर दहावी, अकरावी, आणि निकाल लागेपर्यंत पुढे. फुटबॉलप्रमाणे येथे नव्वद मिनिटांनी शिट्टी होत नाही. खेळ केव्हा संपेल हे कोणालाच ठाऊक नसते.

आता या दोन जगांची गाठ कोठे पडली ते पाहू. न्यूयॉर्कमधील शे स्टेडियम हे तेव्हा ‘मेट्स’ नावाच्या बेसबॉल संघाचे मैदान होते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी तेथे दुसऱ्या ठाण्याजवळ मंच उभारून ‘बीटल्स’ या इंग्रज चौघांनी गायन केले. श्रोते होते सुमारे ५५,६००. कार्यक्रम जेमतेम अर्ध्या तासाचा! आणि त्या अर्ध्या तासात श्रोत्यांनी अशी किंकाळी फोडली की गाणे श्रोत्यांना धड ऐकू आले नाही आणि गाणाऱ्यांना स्वतःलाही नाही. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर, म्हणजे पुन्हा एका बेसबॉलच्याच मैदानावर, त्यांनी तिकीट लावून केलेला अखेरचा जलसा केला. नंतर ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिरले. तेथे त्यांनी जे काम केले ते मोठेच आहे; १९६७ सालची त्यांची ‘सार्जंट पेपर’ ही ध्वनिमुद्रिका त्याची साक्ष देते. परंतु त्या खोलीत प्रेक्षक नव्हता. कलाकृती निर्दोष करायची तर प्रेक्षकाला वगळावे, असा हा एक मार्ग झाला.

याच सुमारास दुसरा मार्गही निघाला. कॅलिफोर्नियात १९६५ साली जमलेल्या ‘ग्रेटफुल डेड’ या मंडळीने १९९५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांत, सुमारे २,३०० जलसे केले. कोणते गाणे केव्हा म्हणायचे हे ते आधी ठरवीत नसत. एकच गाणे आज सात मिनिटांचे तर उद्या वीस मिनिटांचे होई. आपल्या मैफलीतील गवयाप्रमाणे ते वाट शोधीत जात, आणि कधी कधी ती सापडतही नसे. श्रोते ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन येत. या मंडळीने त्यांना हुसकून लावले नाही. उलट १९८४ पासून त्यांच्यासाठी निराळी जागा राखून ठेवली. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला त्यांचा जलसा पुढे राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात जपण्यासाठी निवडला गेला. ती एका रात्रीची गोष्ट. त्याच मंडळीच्या दुसऱ्या रात्रीने तिची जागा भरून निघत नाही.

बेसबॉलचा खरा शौकीन याच जातीचा असतो. त्याच्या मांडीवर एक कागद आणि हातात पेन्सिल असते, आणि तो प्रत्येक फेकीची, प्रत्येक बाद गड्याची नोंद करीत असतो. ही नोंदपद्धती रूढ करण्यात हेन्री चॅडविक या, इंग्लंडात जन्मलेल्या वार्ताहराचा मोठा वाटा आहे. कोणी म्हणेल, निकाल दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येणारच आहे, मग ही कारकुनी कशाला? परंतु जो लिहितो तो लक्ष देतो. ग्रेटफुल डेडचा चाहता गाण्यांचा क्रम वहीत टिपतो, आणि बेसबॉलचा चाहता पाळ्यांचा हिशेब मांडतो. दोघेही एकच गोष्ट नोंदवीत असतात: मी येथे होतो आणि माझे लक्ष होते.

लक्ष कशावर? तर अजून न घडलेल्या गोष्टीवर. बेसबॉलमध्ये दहा वेळा प्रयत्न करून तीनदा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम समजला जातो. चारदा होणारा दुर्मिळ. १९४१ साली बॉस्टनच्या टेड विल्यम्सची सरासरी हंगामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी शेकडा ३९.९५५ होती. पुस्तकात तो आकडा चाळीस असाच मांडला गेला असता, आणि त्याने स्वस्थ बसून राहावे अशी मुभाही त्याला होती. तो बसला नाही. फिलाडेल्फियात त्या दिवशी दोन सामने होते. दोन्ही तो खेळला आणि आठांपैकी सहा वेळा त्याने यश मिळविले. हंगामाची सरासरी झाली ४०.६. त्यानंतर अमेरिकन व नॅशनल या दोन लीगांत आजवर कोणी चाळीसवर पोचलेला नाही. आज आपल्याला शेवट ठाऊक आहे, म्हणून ही गोष्ट गोड वाटते. त्या दिवशी बाकावर बसलेल्याला तो ठाऊक नव्हता. प्रत्यक्ष हजर राहण्याची पहिली गोडी ती हीच. शेवट अजून कोणाच्याच हाती नसतो, ना खेळणाऱ्याच्या, ना पाहणाऱ्याच्या.

दुसरी गोष्ट धीराची. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे १८ एप्रिल १९८१ च्या संध्याकाळी पॉटकेट आणि रॉचेस्टर या दुय्यम दर्जाच्या संघांचा सामना सुरू झाला. थंडी कडाक्याची होती. नवव्या पाळीनंतर बरोबरी, विसाव्या पाळीनंतर बरोबरी. अखेर पहाटे चार वाजून सात मिनिटांनी, ३२ पाळ्या होऊन गेल्यावर, खेळ थांबविण्यात आला. सतराशेच्या वर असलेल्या प्रेक्षकांपैकी तेव्हा उरले होते एकोणीस. जूनच्या २३ तारखेला सामना पुढे सुरू झाला, आणि तेहतिसाव्या पाळीत अठरा मिनिटांत निकाल लागला. निकाल पाहायला त्या दिवशी पुष्कळ लोक आले होते. पण मला हेवा वाटतो तो त्या एकोणिसांचा. त्यांना निकाल मिळाला नाही, रात्र मिळाली.

आता काळ बदलला आहे. मुख्य लीगांत लांबलेला सामना लवकर आटोपावा म्हणून २०२० पासून साखळी सामन्यांत दहाव्या पाळीपासून एक धावपटू आयताच दुसऱ्या ठाण्यावर उभा करतात. २०२३ पासून चेंडू फेकण्यासाठी सेकंदांचे घड्याळ लावले आहे, आणि त्यामुळे सामन्याचा सरासरी वेळ सुमारे चोवीस मिनिटांनी कमी झाला. लोकांना ते आवडलेही आहे, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र पॉटकेटसारखी रात्र तेथे पुन्हा उगवण्याचा संभव आता फारसा नाही, एवढे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रेक्षक तेथे केवळ पाहत नाही; तो करतोही. सातव्या पाळीच्या मध्यावर सारे प्रेक्षक उठून उभे राहतात, आळस झाडतात आणि १९०८ सालचे एक साधे गाणे एका सुरात, किंबहुना अनेक बेसुरांत, म्हणतात. शिकागोच्या रिग्ली मैदानावर हॅरी कॅरे हा समालोचक १९८२ पासून खिडकीतून वाकून या गाण्याचे पुढारपण करी. त्याचा गळा गोड नव्हता, आणि म्हणूनच सर्वांना आपला गळा लावायला संकोच वाटत नसे. त्याच मैदानावर १९ जुलै २०१३ रोजी ‘पर्ल जॅम’ या रॉक मंडळीचा जलसा वादळी पावसाने दोन तासांहून अधिक वेळ अडला. बेसबॉलच्या प्रेक्षकाला पावसासाठी थांबणे नवे नाही, लोक थांबले. मंडळी परत आली, आणि मध्यरात्र उलटल्यावरही वाजवीत राहिली. शिकागो संघाचा जुना, लोकांचा अत्यंत लाडका खेळाडू अर्नी बँक्स हाही त्या रात्री मंचावर आला होता.

प्रेक्षक वजा केला तर काय उरते, याचा प्रयोगही झालेला आहे. पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी झालेल्या एका तरुणाच्या मृत्यूवरून बाल्टिमोर शहरात दंगल उसळली, तेव्हा २९ एप्रिल २०१५ चा सामना बंद दारांआड खेळविण्यात आला. बाल्टिमोरने तो ८-२ असा जिंकला. फळीचा आवाज रिकाम्या बाकांवर आपटून परत येत होता. यजमान संघातला एक खेळाडू, नसलेल्या चाहत्यांना खोट्या खोट्या सह्या देऊन दाखवीत होता. पुढे २०२० च्या साथीत साखळीचे सगळेच सामने असे झाले. बाकांवर पुठ्ठ्याची माणसे बसविली आणि कर्ण्यांतून मुद्रित आरोळ्या सोडल्या. नियम तेच, चेंडू तोच, खेळाडू तेच. तरी ज्यांना पुठ्ठ्याची माणसे बसवावीशी वाटली त्यांनी एक कबुली दिलीच, की माणसांवाचून हा खेळ पुरा होत नाही.

मात्र गर्दीची आरती ओवाळून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. जी गर्दी गाणे पूर्ण करते तीच ते उधळूनही लावते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर दोन सामन्यांच्या मध्यंतरात डिस्को संगीताच्या तबकड्या स्फोटाने उडविण्याचा तमाशा योजला गेला. हजारो लोक मैदानात घुसले, मैदानाची नासाडी झाली आणि यजमान संघाला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला. हा प्रकार पोरकट म्हणून सोडून देता येईल. पण त्याच वर्षी ३ डिसेंबरला सिनसिनाटीत जे घडले ते तसे सोडता येत नाही. ‘द हू’ या मंडळीच्या जलशाला बहुतेक जागा अनारक्षित होत्या, म्हणजे जो आधी शिरेल त्याला पुढची जागा. थंडीत ताटकळलेले हजारो लोक दाराशी लोटले, उघडलेली दारे थोडी, आणि त्या चेंगराचेंगरीत अकरा तरुण जिवांना मुकले. आत गाणे सुरू झाले तेव्हा गाणाऱ्यांना बाहेरचे काहीच कळविलेले नव्हते. दार किती रुंद, जागा क्रमांकाची की नाही, या गोष्टी रुक्ष वाटतात. पण आनंदाचा पाया त्यांवरच उभा असतो. संयोजकांनी त्या पाहाव्यात, आणि पुढच्याला न ढकलण्याचे काम आपण करावे.

आपल्याकडेही ही गाठ पडू लागली आहे. नव्या मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम हे क्रिकेटचे. तेथे डिसेंबर २०१९ मध्ये ‘यू-टू’ आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ यांचे जलसे झाले. अशा ठिकाणी आता एक नवेच दृश्य दिसते. गाणे सुरू होताच हजारो हात वर जातात आणि प्रत्येक हातात मोबाइल असतो. जॅक व्हाइट या अमेरिकन गायकाने २०१८ च्या दौऱ्यात श्रोत्यांचे फोन दारातच कुलूपबंद पिशवीत ठेवायला लावले. मी इतके कडक होण्याच्या मताचा नाही. पूर्वीचा चाहताही यंत्र आणीतच होता. परंतु तो यंत्र लावून ऐकत बसे. आपण चित्र घेता घेता ऐकायचे विसरतो. पेन्सिलीने लक्ष वाढते, तसे या फोनने वाढते की घटते, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे पाहावे.

तात्पर्य, माणूस मैफलीला वा सामन्याला जातो तो चांगला माल मिळतो म्हणून नव्हे. ज्याचा शेवट ठरलेला नाही अशा एका गोष्टीत आपलाही लहानसा वाटा असावा, म्हणून तो जातो. तो वाटा टाळीचा असेल, बेसुर गाण्याचा असेल, पावसात थांबण्याचा असेल, किंवा शेजाऱ्याला वाट करून देण्याचा असेल. हे व्याख्यानही पुढे छापून निघेल आणि घरी आरामखुर्चीत वाचता येईल. तरी या उकाड्याच्या संध्याकाळी आपण येथे येऊन बसलात. आपण आला नसता तर मी हे कागद घडी घालून खिशात ठेवले असते आणि घरी गेलो असतो. आपण आलात, म्हणून व्याख्यान झाले.