गीझर लावला कीं खटका कां पडतो?

तांब्याच्या बंबाचा धूर आणि राख यांपासून घरच्या मंडळींची सुटका करणारा विजेचा गीझर आतां बहुतेक सुशिक्षित घरांतून आला आहे. परंतु त्याच्याविषयींची एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. पहांटे गीझर लावावा, आणि बोर्डावरील खटका पडून सारें घर अंधारांत जावें! दहा जणांचीं स्नानें खोळंबतात, मग वडील मंडळी त्रासून वायरमनला आज्ञा करतात, "तो खटकाच एकदांचा काढून टाक." या आज्ञेंत केवढा अनर्थ सांठविलेला आहे, हें सांगण्याकरितां हा लेख लिहीत आहों.

प्रथम कोणता खटका पडला तें पाहावें. एम.सी.बी. हा वाजवीपेक्षां अधिक प्रवाह वाहूं लागला म्हणजे पडतो. तो मुख्यत्वें तारांचें रक्षण करतो. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारें पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा तेरा. त्याच तारेवर इस्त्री व शेगडीही चालत असल्यास तिच्यावर भार फार होतो. गीझरला १६ अँपिअरचें सॉकेट व स्वतंत्र तार असावी, हाच त्यावर उपाय.

आर.सी.सी.बी.चें कार्य निराळें. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशेब तो चोख कारकुनाप्रमाणें अखंड ठेवीत असतो. घरगुती खटक्याच्या या हिशेबांत ३० मिलिअँपिअरची, म्हणजे एका अँपिअरच्या सुमारें तेहतिसाव्या भागाची, तूट आली कीं तो प्रवाह तोडतो. ही तूट जमिनीकडे जात असते. आणि वाटेंत ओल्या अंगाचा मनुष्य उभा असेल, तर ती त्याच्या देहांतून जाते.

मग गीझरांत तूट येते कोठून? त्याची तापणारी तार धातूच्या नळींत असते व भोंवतीं मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ही भुकटी कोरडी आहे तोंवरच वीज अडविते. बोअरच्या जड पाण्यानें नळीवर क्षाराचें कवच चढतें; नळी अतिशय तापते, झिजते, आणि शेवटीं तिला चीर पडते. त्या चिरेंतून पाणी भुकटींत शिरलें कीं गळती सुरू होते.

खटका केव्हां पडतो, यावरूनही रोगाचें निदान होतें. लावतांक्षणींच पडला, तर बहुधा कॉइल फुटलेली असते. कांहीं मिनिटांनीं पडला, तर उष्णतेनें रुंदावणाऱ्या बारीक चिरेचा, किंवा जोडावर ठिबकणाऱ्या पाण्याचा संशय घ्यावा. गीझरचें बटन बंद असूनही पडत असेल, तर बुचकळ्यांत पडूं नये. साधें बटन दोहोंपैकीं एकच तार तोडतें, न्यूट्रलकडील गळती तशीच राहते. म्हणून मुख्य खटका बंद करून, कोरड्या हातांनीं गीझरचा प्लगच काढावा व मग वीज सुरू करावी. खटका टिकला, तर दोष गीझरांत. पुन्हां पडला, तर घरांतील तारांत किंवा दुसऱ्या एखाद्या उपकरणांत. येथपर्यंतच गृहस्थाचें काम. झांकण उघडणें, मेगर लावून कॉइल तपासणें व बदलणें हें जाणत्या वायरमनचें काम होय.

कित्येक ठिकाणीं मात्र गीझरची अर्थची तार सोडून देण्याची युक्ति योजतात. तेणेंकरून खटका पडावयाचा थांबतो, पण दोष जात नाहीं. गळकी वीज वाट शोधीत राहते, आणि ती वाट नळाला हात लावणारें घरांतील पहिलें माणूस होतें. तेव्हां खटका असेल तर त्याची परीक्षा त्या देहावर व्हावयाची. तोही काढून टाकला असेल, तर मग सोडविणारें कोणीच उरत नाहीं.

आमच्या वाचकांस एवढीच विनंती आहे. आर.सी.सी.बी.वरील परीक्षेचें बटन महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. खटका तत्काळ पडलाच पाहिजे. आणि गीझर दुरुस्त होईपर्यंत चार दिवस चुलीवर पाणी तापवावें लागलें, तरी त्याचा कंटाळा करूं नये.