जाळ्याची परीक्षा व हाताचा सराव

अभियांत्रिकीची पदवी पदरीं पडल्यावरही घरांतील मुलें पुन्हां परीक्षेच्या तयारीस लागलेलीं दिसलीं, म्हणजे वडील मंडळींस कोडें पडतें. संगणकांचें जाळें उभारण्याचें व सांभाळण्याचें काम ज्यांस करावयाचें असतें, त्यांच्यासाठीं सिस्को कंपनीची ‘सी. सी. एन. ए.’ ही परीक्षा १९९८ पासून चालू आहे. तिला १२० मिनिटें मिळतात. पुढें गेल्यावर मागल्या प्रश्नाकडे परततां येत नाहीं. आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते.

या परीक्षेचे फुटलेले प्रश्न उत्तरांसह मिळतात व ते घोकून उत्तीर्ण होण्याचा मोह पुष्कळांस पडतो. हा मार्ग नियमबाह्य आहे व त्यापायीं प्रमाणपत्र रद्दही होऊं शकतें. परंतु आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. मध्यरात्रीं एखाद्या रुग्णालयाचें जाळें बंद पडतें, तेव्हां समोर चार पर्याय छापलेले नसतात. तेथें घोकलेलें उत्तर निरुपयोगी ठरतें, व त्याचा भुर्दंड दुसऱ्यास बसतो.

मग सराव कसा करावा? पहिला सराव कागदावरील गणिताचा. २५६ पत्त्यांचे चार समान वाटे केले, तर प्रत्येकीं ६४ येतात. ७७ हा पत्ता कोणत्या वाट्यांत पडेल? अर्थात् ६४ ते १२७ या दुसऱ्या वाट्यांत. त्यांतील पहिला पत्ता त्या जाळ्याचा स्वतःचा व शेवटला सर्वांस एकदम हांक मारण्याचा. म्हणून यंत्रांस देण्याजोगे ६२ च उरतात. अशीं दहा गणितें रोज सोडविलीं, म्हणजे परीक्षेंत वेळ वांचतो.

दुसरा सराव जाळें बिघडविण्याचा! सिस्कोचा ‘पॅकेट ट्रेसर’ हा कार्यक्रम विद्यार्थ्यांस विनामूल्य मिळतो. त्यांत घरच्या संगणकावर लटकें जाळें मांडतां येतें. ‘ओ. एस. पी. एफ.’ या पद्धतीनें चालणारे दोन राउटर परस्परांस सामान्यतः दर १० सेकंदांनीं ‘हॅलो’ धाडतात. एकाचें अंतर मुद्दाम ५ सेकंद करावें. तार शाबूत, पत्ते अचूक, तरी थोड्याच वेळांत दोघांची ओळख तुटते. असें कां झालें, हें दोन्हीं बाजू ताडून पाहिल्यावांचून कळत नाहीं. आणि जें एकदां असें शोधून काढलें, तें सहसा विसरत नाहीं.

घरच्या माणसांनींही दोन गोष्टी कराव्या. एकत्र कुटुंबांत एकांत दुर्मिळ. तेव्हां रोज दोन तास उमेदवारास, मग तो मुलगा असो वा सून, कोणीं हांक मारूं नये. आणि रात्रीं जेवणानंतर आजोबांनीं वा काकूंनीं विचारावें, “आज काय बिघडलें होतें, आणि तें कशावरून ओळखलेंस?” याचें उत्तर सोप्या मराठींत देतां आलें, तर विषय समजला असें खुशाल मानावें.

परीक्षेचें शुल्क भरण्याची घाई करूं नये. एखाद्या सोबत्याकडून जाळ्यांत गुप्तपणें बिघाड करवून घ्यावा. तो कोणाच्या मदतीवांचून सांपडूं लागला, म्हणजे दिवस ठरविण्यास हरकत नाहीं.