मंद आवाजाचे गणित

रात्री घरची मंडळी निजल्यावर बेताच्या आवाजात गाणे लावले, की तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा कोठे लुप्त होतात, असा प्रश्न ज्यास पडतो, त्याने स्पीकरवर तोहमत ठेवण्यापूर्वी आपल्या कानांचा विचार करावा. कारण आवाज उतरत जातो तसतशी खर्जाविषयीची श्रवणेंद्रियाची संवेदना मध्यम स्वरांच्या मानाने अधिक क्षीण होते, हे फ्लेचर व मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली आलेखांद्वारे दाखवून दिले. ॲम्प्लिफायरवरील ‘लाउडनेस’ची कळ याच उणिवेच्या भरपाईसाठी असते. सबब फडताळात मावणारे स्पीकर निवडताना दुकानातील दणदणाटास न भुलता, घरच्याइतक्याच मंद आवाजात परिचित गाणे ऐकावे. आणि घरी ते भिंतीलगत, पण तिला न चिकटवता मांडावेत, म्हणजे खर्जास भिंतीचा आधार मिळतो.